साळुंके यांच्या वाय-फायवरचे सहावे नाव

जबाब
दिनांक : २१/०७/२०२५, सकाळी ११.१०

नाव : श्रीमती विशालाक्षी मधुसूदन साळुंके
वय : ६८ वर्षे
धंदा : निवृत्त, पूर्वी दूरध्वनी खात्यात ऑपरेटर व नंतर सुपरवायझर
राहणार : घर क्रमांक ११, पहिला मजला, तिसरी आडवी गल्ली, टी. नगर, चेन्नई

मी वर लिहिलेली बाई आज स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन, कोणी न पढवता, समक्ष सांगते की,

माझ्या वयाच्या बाईचा जबाब घरी येऊन घेता येतो, असे आपण मला फोनवर सांगितले होते. मी नको म्हटले. माझ्या मुलाला या ठाण्याच्या पायऱ्या चढताना गल्लीतल्या सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा मीही चढून येते, असे मी कळवले व त्याप्रमाणे आले आहे.

आमचे घराणे तंजावरचे. माझी मराठी तिकडची आहे, तीत तमिळ शब्द येतात. आपण महाराष्ट्रातून, नाशिकहून आला आहात. आपण माझे बोलणे आपल्या मराठीत लिहून घ्यावे यास माझी हरकत नाही. मात्र जेथे माझे शब्द जसेच्या तसे पाहिजेत तेथे तसेच लिहावेत, अशी विनंती केली व आपण ती मान्य केली.

घरात मी, माझा मुलगा प्रतापसिंह, वय ४२, व सून सौम्या, वय ३८, असे तिघे राहतो. माझे पती हयात नाहीत. प्रतापसिंह एग्मोर येथील एका विमा कचेरीत नोकरीस आहे. सौम्या शाळेत गणित शिकवते. घरातील इंटरनेटचे कनेक्शन प्रतापसिंहच्या नावावर आहे. वाय-फायचा डबा हॉलमध्ये, देवाच्या फोटोंच्या खालच्या फळीवर असतो. पासवर्ड आम्हा तिघांनाच ठाऊक होता.

शेजारची इमारत आमच्या खिडकीपासून दहा फुटांवर आहे. तेथे दुसऱ्या मजल्यावर अनिकेत पारखी नावाचा इसम, वय अंदाजे ३४, मार्च महिन्यापासून एकटा भाड्याने राहत होता. तो एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहे, असे त्याने सांगितले होते. मी खिडकीतून सौम्याला मराठीत हाक मारली, ती ऐकून तो दुसऱ्या दिवशी घरी आला. म्हणाला, "मावशी, तुम्ही मराठी? मला वाटलं मला भास झाला." मी त्याला बसवले व कॉफी दिली. आमच्या गल्लीत आमच्या घराबाहेर मराठी बोलणारे कोणी नाही. नंतर तो आठवड्यातून तीन-चार वेळा संध्याकाळी येत असे. माझे जुने शब्द ऐकून तो हसायचा, पण वाईट हसायचा नाही. डोसा त्याला आवडे. त्याच्यासाठी मी पीठ थोडे जास्त भिजवत असे.

एप्रिलमध्ये त्याने एकदा प्रतापसिंहकडे वाय-फायचा पासवर्ड मागितला. प्रतापसिंह म्हणाला, "सॉरी, त्यावर माझं ऑफिसचं काम चालतं. कोणालाच देत नाही." अनिकेत म्हणाला, बरोबर आहे. मला त्या दिवशी माझ्या मुलाचे वागणे कोरडे वाटले. तसे मी त्याला बोलूनही दाखवले.

दिनांक ०९/०७/२०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास आपण, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक तनया लोटलीकर, स्थानिक पोलिसांसह आमच्या घरी आलात. नाशिक येथे संयुक्ता नावाच्या एका मुलीने तक्रार दिली आहे, खोट्या नावाच्या खात्यांवरून तिला पाच महिने धमक्या येत आहेत, आणि मे महिन्यापासूनचे संदेश आमच्या घरच्या कनेक्शनवरून गेले आहेत, असे आपण सांगितले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची नोंद दाखवली. नोंदीत प्रतापसिंहचे नाव होते. आपण त्याचा फोन व लॅपटॉप पंचनामा करून ताब्यात घेतले आणि त्याला चौकशीस नेले. तो सायंकाळी सहा वाजता परत आला. दुसऱ्या दिवशी कचेरीने त्याला चौकशी संपेपर्यंत रजेवर राहण्यास कळवले.

तो परत आला त्या संध्याकाळी सौम्याने त्याला एकच प्रश्न विचारला. मी स्वयंपाकघरात होते. त्याने उत्तर दिले. सौम्या म्हणाली, "सरी", म्हणजे ठीक आहे. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरी टीव्ही लागला नाही.

मी मुलाला काही विचारले नाही. विचारण्याची मला गरज नव्हती.

दिनांक ११/०७/२०२५ रोजी दुपारी आपला फोन आला. आदल्या संध्याकाळी ७.५२ वाजता संयुक्ताला आणखी एक संदेश गेला, तोही आमच्याच कनेक्शनवरून, असे आपण म्हणालात. प्रतापसिंहची यंत्रे आपल्या ताब्यात असताना हे कसे घडले, घरात दुसरा एखादा फोन लपवलेला आहे काय, असे आपण विचारले. मी उत्तर दिले ते असे : "घरात नाही. घराबाहेर आहे. मी शोधून देते." आपण म्हणालात, "आजी, हे पोलिसांचं काम आहे." मी म्हटले, "तुमचे काम तुम्ही करा. लाइन माझ्या घरची आहे."

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मी चाळीस वर्षे दूरध्वनी खात्यात होते. कोणाच्या लाइनवर दुसरा कोणी बोलतो अशी तक्रार आली, तर आम्ही लाइन प्रथम तोडत नसू. तोडली की चोर सावध होतो व तक्रारदाराकडे पुरावा राहत नाही. प्रथम वेळ लिहायची, मग कोठून जोडणी झाली ते पाहायचे, मग वरिष्ठांना कळवायचे.

सौम्याचे म्हणणे होते की पासवर्ड लगेच बदलावा. ती म्हणाली, "अम्मा, एक मिनिटाचं काम आहे, आत्ता बंद करून टाकू." प्रतापसिंह डबाच बंद करायला उठला. मी त्याचा हात धरला. म्हटले, "आज बदललास तर तो दुसऱ्या घरी जाईल. तुझे नाव मात्र येथेच राहील." मी आपल्याला पुन्हा फोन करून आठ दिवस काही न बदलण्याची परवानगी मागितली. आपण ती दिली व स्क्रीनचे फोटो वेळेसह काढून पाठवण्यास सांगितले.

त्याच दिवशी सौम्याने तिच्या टॅबवर वाय-फायच्या डब्याचे पान उघडले. त्या पानास वेगळा पासवर्ड लागतो. तो कंपनीने डबा बसवताना दिला तोच, कोणीही ओळखेल असा होता. तीन वर्षांत आम्ही तो बदललेला नव्हता. ही आमची चूक होती व ती मी कबूल करते. पानावर त्या क्षणी जोडलेल्या यंत्रांची यादी असते. मी सौम्याला प्रत्येक नाव मोठ्याने वाचण्यास सांगितले व ते यंत्र हातात घेऊन बंद केले. बंद केले की यादीतून जाते, सुरू केले की येते. माझा फोन, सौम्याचा फोन, तिचा टॅब, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा, अशी पाच नावे झाली. सायंकाळी ७.३४ वाजता यादीत सहावे आले. नावाच्या जागी नुसती रेघ होती आणि पुढे अंक व अक्षरे मिळून बारा खुणांचा पत्ता. तो मी दोनशे पानी वहीत उतरून घेतला. वही आज सोबत आणली असून आपल्या ताब्यात दिली आहे.

पुढे रोज मी सहावे नाव केव्हा येते व केव्हा जाते ते लिहिले. शुक्रवार, सोमवार व मंगळवार या दिवशी ते साडेसातनंतर आले. शनिवारी ते दुपारी दोनपासून होते. रविवारी दिवसभर होते. त्यावरून हा कोणी नोकरदार असून जवळच राहतो, इतके मला समजले.

किती जवळ, हे पाहण्यासाठी दिनांक १४ रोजी सकाळी मी माझा फोन घेऊन गच्चीवर व गल्लीत फिरले. फोनवर वाय-फायच्या रेघा दिसतात. रस्त्याच्या बाजूला आमच्या फाटकापासून तीस पावलांवर रेघा संपतात. कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात त्या अजिबात येत नाहीत. समोरच्या घरात फक्त अंगणापर्यंत येतात, आणि ते घर दोन महिने कुलूपबंद आहे. शेजारच्या इमारतीत मात्र आमच्या बाजूच्या सर्व खिडक्यांना पुऱ्या रेघा मिळतात. तेथे तळमजल्यावर शिंप्याचे दुकान आहे, ते सहाला बंद होते. पहिल्या मजल्यावर नव्वदीचे जोडपे आहे, त्यांच्यापाशी बटणांचा फोन आहे. दुसऱ्या मजल्यावर अनिकेत.

मी घरी आले व सौम्याला विचारले, "माझ्या फोनमधून आपला पासवर्ड कोणाला पाहता येतो का?" ती म्हणाली, "का नाही, अम्मा?" तिने माझ्या फोनमध्ये वाय-फायच्या नावावर बोट ठेवले. माझी खुणेची आकडी, म्हणजे फोन उघडण्याचा पिन, विचारली, ती मी दिली. स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला व त्याखाली आमचा पासवर्ड स्पष्ट अक्षरांत. त्या चौकोनावर दुसऱ्याने आपला फोन धरला की झाले, असे ती म्हणाली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अनिकेतने माझ्या फोनमधील अक्षरे मोठी करून दिली होती. त्याने आकडी विचारली व मी सांगितली. फोन त्याच्याकडे पाच-सात मिनिटे होता. मी आत डोसा घालत होते.

मी पाणी प्यायले. नंतर सौम्याला म्हटले, खात्री केल्याशिवाय नाव घ्यायचे नाही.

दिनांक १५ रोजी आपण फोनवर सांगितले की संयुक्ताला नवा संदेश आला आहे, त्यात "रविवारी नाशिकला येतोय, या वेळी दार उघडशील" असे शब्द आहेत. रविवारी २० तारीख होती. मी म्हटले, "उद्या रात्रीच्या जेवणाआधी तुम्हाला सांगते."

दिनांक १६/०७/२०२५, बुधवार. अनिकेत सायंकाळी ७.४८ वाजता घरी आला. प्रतापसिंह आतल्या खोलीत होता. सौम्या त्याच्या शेजारी टॅबवर यादी उघडून बसली होती. अनिकेतचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता. यादीत सहावे नाव होते.

मी अनिकेतला नेहमीच्या लाडाच्या हाकेने म्हटले, "कण्णा, करुवेप्पिलै संपली रे. कोपऱ्यावरून कढीपत्ता आणतोस जरा?"

तो म्हणाला, "आणतो की, मावशी." ८.०२ वाजता तो गेला. ८.०४ वाजता सहावे नाव यादीतून गेले. ८.११ वाजता तो कढीपत्ता घेऊन दारात आला. त्याच मिनिटाला नाव परत आले.

एकदा घडले तो योगायोग असू शकतो, म्हणून मी त्याला पुन्हा मोहरीसाठी पाठवले. तो हसून म्हणाला, "मावशी, आज फार विसरताय तुम्ही."

मी म्हटले, "वय झाले रे." हे खोटे होते. त्या दिवशी मी काहीही विसरले नव्हते. दुसऱ्या वेळीही नाव त्याच्याबरोबर गेले व त्याच्याबरोबर आले. सौम्याने प्रत्येक वेळी स्क्रीनचा फोटो काढला. असे सहा फोटो आपल्याला पाठवले आहेत.

त्यानंतर तो जेवायला बसला. मी विचारले, "या रविवारी येशील का, पायसम करते." तो म्हणाला, "नाही हो, शनिवारी नाशिकला चाललोय. दोन दिवसांनी येतो."

मी त्याला आणखी एक डोसा वाढला. त्याने तो खाल्ला. पावणेनऊला तो गेला. मी दार लावून कडी घातली व तेथूनच आपल्याला फोन केला. प्रतापसिंह बाहेर येऊन माझ्याजवळ उभा होता. मी आपल्याला नाव, मजला, कंपनी व शनिवारचा बेत सांगितला. आपण म्हणालात, "आजी, आता पुढचं आमच्यावर सोडा. त्याच्याशी नेहमीसारखं वागा." मी तसे वागले. गुरुवारी सकाळी खिडकीतून त्याने हात केला, मीही केला.

दिनांक १८ रोजी सकाळी सात वाजता आपल्या पथकाने त्याला इमारतीच्या फाटकाशी ताब्यात घेतले. मी खिडकीत होते. त्याने वर पाहिले. मी आत गेले नाही. त्याच्या फोनमध्ये आमच्या वाय-फायसमोर जो पत्ता दिसला तो माझ्या वहीतील पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला, असे आपण मला दुपारी कळवले. खोटी खाती त्याच फोनवर उघडी होती, हेही सांगितले. प्रतापसिंहचे सामान आपण शनिवारी परत दिले व त्याच्या कचेरीस पत्र दिले. तो आज कामावर गेला आहे.

आपल्या परवानगीने दिनांक १९ रोजी आम्ही सर्व बदलले. डब्याच्या पानाचा पासवर्ड बदलला. वाय-फायचे नाव घराण्याचे होते ते काढले. नवा पासवर्ड मी केला असून तो चोवीस अक्षरांचा आहे. तंजावरची मराठी येत असल्याशिवाय तो कोणास सुचणार नाही. बटण दाबून पासवर्डशिवाय जोडणी होते ती सोय बंद केली. डब्याची प्रणाली कंपनीकडून नवी करून घेतली. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय केले, त्यातून आमची यंत्रे दिसत नाहीत आणि त्याचा पासवर्ड पाहुणा गेला की बदलतो. माझ्या फोनची आकडी आता मला एकटीला ठाऊक आहे, मुलालाही नाही. काल गल्लीतील सात घरांचे डबे मी व सौम्याने तपासले. सातांपैकी पाचांचा पासवर्ड कंपनीने दिला तोच होता. एका घरी तो कॅलेंडरवर लिहून दाराशी टांगला होता. ते आता राहिलेले नाही. ज्यांना भीती वाटते त्यांना मी सांगितले, भिण्याचे कारण नाही, दर रविवारी यादी उघडावी, नावे वाचावीत, ओळखीची आहेत की नाही ते पाहावे. यास दहा मिनिटे लागतात.

आज आपण मला तक्रारदार संयुक्ता हिचा फोटो दाखवला. ही मुलगी मी ओळखते काय, असे विचारले.

मी ओळखते. जून महिन्यात अनिकेतने मला हाच फोटो त्याच्या फोनवर दाखवला होता. पूर्वी पुण्यात दोघे एका कंपनीत होते, हिच्याशी माझे लग्न व्हायचे आहे, पण ती हल्ली उत्तर देत नाही, असे तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला जे म्हटले ते माझ्याच शब्दांत लिहावे : "सोडू नको कण्णा. मुली आधी नाहीच म्हणतात. पुन्हा विचार. रोज विचार."

हे तपासास आवश्यक नाही, आजी, असे आपण म्हणालात. मी म्हटले, मला आवश्यक आहे. त्या मुलीने त्याला फेब्रुवारीतच स्पष्ट नकार दिला होता, त्याच महिन्यापासून संदेश सुरू झाले, हे आपल्या कागदात आहे. मला ते माहीत नव्हते. पण मी विचारलेही नाही. मी चाळीस वर्षे दोन टोके जोडली. जोडण्याआधी पलीकडच्या माणसाला, बोलायचे आहे का, असे विचारण्याचा नियम होता आणि मी तो कधी मोडला नव्हता.

माझ्या विनंतीवरून आपण संयुक्ताला फोन लावून दिला. तिची तयारी आधी विचारून घेतली. मी तिला कोण आहे ते सांगितले आणि मी त्याला काय म्हटले होते तेही सांगितले. मग तिने विचारले, "तो माझ्याबद्दल चांगलं बोलायचा का?"

मी म्हटले, "होय. म्हणूनच मला कळले नाही."

ती म्हणाली, "मलाही नाही कळलं, आजी. दोन वर्षं शेजारच्या टेबलावर होता." नंतर ती म्हणाली की रविवारी तिने पाच महिन्यांनी प्रथमच खिडकी उघडी ठेवली. मी तिला, न्यायालयात बोलावतील तेव्हा मी नाशिकला येईन, असा शब्द दिला आहे. तो मी पाळणार आहे. माझी तब्येत ठीक आहे व मला प्रवासाची सवय आहे.

अनिकेत पारखी याच्याशी माझे काही वैर नाही. मी जे पाहिले, लिहिले व केले तेच सांगितले आहे.

हा जबाब मला अथपासून इतिपर्यंत मराठीत वाचून दाखवण्यात आला. जून महिन्यातील माझ्या बोलण्याच्या परिच्छेदात लिहून घेणाऱ्यांनी "अनवधानाने" असा शब्द घातला होता. तो माझ्या सांगण्यावरून खोडला आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे व ते खरे आहे.

समक्ष,
तनया लोटलीकर
पोलीस उपनिरीक्षक